बर्गन (नॉर्वे) : ऐतिहासिक स्थळे आणि राहण्याची सोय, आई-बाबांसोबत जायचे आहे, सल्ला हवा

वर्धेची लेक :

नमस्कार. मी गेली सहा वर्षे हॅम्बुर्गला राहते. माझे आई-बाबा पुढच्या वर्षी वर्ध्याहून माझ्याकडे येणार आहेत आणि त्यांना चार रात्रींसाठी बर्गनला घेऊन जाण्याचा विचार आहे. बाबा बहात्तर वर्षांचे असून अजून रोज पाच किलोमीटर चालतात. आईच्या दोन्ही गुडघ्यांची झीज झालेली आहे. सपाटीवर ती सावकाश का होईना चालते, पण जिने आणि चढ तिला सोसत नाहीत.

बर्गनच का, असे कोणी विचारील म्हणून सांगते. बाबांनी एकतीस वर्षे वर्धा जिल्ह्यात कुष्ठरोग तंत्रज्ञ म्हणून नोकरी केली. घरोघर जाऊन चट्टे तपासणे, सुईने आणि पिसाने संवेदना पाहणे, गोळ्यांची पाकिटे पोचवणे, हे त्यांचे आयुष्य होते. कुष्ठरोगाचा जंतू ज्यांनी शोधला ते डॉ. आर्माउर हॅन्सन बर्गनचे, एवढे त्यांना प्रशिक्षणात शिकवले होते, आणि ‘हॅन्सनचे गाव’ एकदा पाहायचे ही त्यांची जुनी इच्छा आहे. पर्यटनाच्या पानांवर मला लाकडी रंगीत घरे, मासळी बाजार आणि डोंगरावर जाणारी गाडी यांखेरीज फारसे काही सापडले नाही. हॅन्सन यांच्याशी संबंधित असे काही तिथे आज पाहायला मिळते का? शहराच्या कोणत्या भागात राहावे? भाडी उतरतात म्हणून ऑक्टोबरचा विचार करते आहे, तो योग्य आहे का?

पागोळी :

मी बर्गनला तीन वर्षे राहिले आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. सर्वांत आधी ऑक्टोबरचा विचार सोडून द्या. पाऊस हे त्याचे कारण नव्हे, कारण पाऊस तिथे बाराही महिने असतो. मुंबईत चार महिन्यांत जेवढा कोसळतो साधारण तेवढाच बर्गनमध्ये वर्षभर वाटून, पुरवून पुरवून पडतो. खरे कारण असे की तुमच्या वडिलांना जे पाहायचे आहे ते फक्त उन्हाळी हंगामात उघडे असते.

ते ठिकाण म्हणजे सेंट यॉर्गेनचे रुग्णालय. पंधराव्या शतकाच्या आरंभापासून तिथे कुष्ठरुग्णांना ठेवले जात होते. १७०२ च्या मोठ्या आगीत जुन्या इमारती जळाल्या आणि आज दिसते ती लाकडी वास्तू त्यानंतर उभी राहिली. मधोमध एक लांब, उंच दालन आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना, खाली आणि वरच्या सज्जालगत, एकाला एक लागून अगदी लहान खोल्या आहेत. अशा एकेका खोलीत दोघे राहत. शेजारीच रुग्णांचे स्वतंत्र चर्च आहे. इथले शेवटचे दोन रुग्ण १९४६ मध्ये वारले आणि ते दोघेही पन्नास वर्षांहून अधिक काळ इथेच होते. आता या वास्तूत कुष्ठरोग संग्रहालय आहे. बर्गनच्या कुष्ठरोगविषयक दप्तराची नोंद युनेस्कोने २००१ मध्ये जागतिक स्मृतिठेव्यात केली.

हे दप्तर इतके मोलाचे का, ते तुमचे वडील आपल्यापेक्षा चांगले सांगू शकतील. एकोणिसाव्या शतकात नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावर, विशेषतः गरीब शेतकरी आणि कोळी कुटुंबांत, हा रोग मोठ्या प्रमाणावर होता. १८५६ मध्ये सरकारने देशभरातील रुग्णांची नावनिशीवार नोंदवही सुरू केली आणि एखाद्या रोगाची अशी राष्ट्रीय नोंदवही जगात पहिलीच मानली जाते. त्या वेळी साऱ्या देशात जवळपास तीन हजार रुग्ण नोंदले गेले. डॉ. डॅनिएल्सेन हे त्या काळचे मोठे तज्ज्ञ होते आणि हा रोग आनुवंशिक आहे असे त्यांचे ठाम मत होते. हॅन्सन त्यांच्या हाताखाली काम करू लागले आणि पुढे त्यांचे जावईही झाले; तरी १८७३ मध्ये गाठींतील द्रवात काडीसारखे जंतू पाहून त्यांनी सासऱ्याच्या मताला छेद दिला.

या गोष्टीची दुसरी बाजूही आहे आणि ती कळल्याशिवाय बर्गनहून परत येऊ नये असे मला वाटते. रोग एकापासून दुसऱ्याला होतो हे सिद्ध करण्याच्या ध्यासापायी हॅन्सन यांनी एका रुग्ण स्त्रीच्या डोळ्यात, तिची संमती न घेता, दुसऱ्या रुग्णाच्या गाठीतील द्रव टोचला. १८८० मध्ये त्यांच्यावर खटला चालला आणि रुग्णालयातील डॉक्टर म्हणून असलेले त्यांचे पद गेले. कुष्ठरोगाचे मुख्य आरोग्याधिकारी म्हणून मात्र ते राहिले. पुतळ्याखाली सहसा एवढे लिहीत नाहीत. पुतळाही आहे, विद्यापीठाच्या संग्रहालयामागील बागेत, परंतु ती बाग टेकडीवर असल्यामुळे आईंना तिथवर टॅक्सीनेच न्यावे लागेल.

आता राहण्याविषयी. सेंट यॉर्गेन रेल्वे स्थानकापासून पाच-सात मिनिटांवर आहे, म्हणून तुम्ही स्थानकाच्या आसपास, म्हणजे मार्केन नावाच्या जुन्या गल्लीच्या परिसरात राहावे. नकाशात बर्गन लहान दिसते. नकाशात चढ मात्र दिसत नाहीत. बंदराच्या दोन्ही बाजूंना घरे डोंगरावर चढत गेलेली आहेत आणि ‘केंद्रापासून ४०० मीटर’ असे लिहिलेल्या जागेसाठी प्रत्यक्षात शंभर पायऱ्या चढाव्या लागू शकतात. स्थानक, तळे, मासळी बाजार आणि ब्रुग्गेन, म्हणजे बंदराकाठची रंगीत लाकडी घरांची रांग, हा पट्टा मात्र बराचसा सपाट आहे. विमानतळावरून येणारी ट्राम पाऊण तासाच्या आत नोनेसेटर थांब्यावर सोडते आणि ती चढायला-उतरायला फलाटाच्या पातळीवर असते. स्थानकासमोरच ग्रँड टर्मिनस हे १९२८ सालचे जुने हॉटेल आहे आणि त्याच्या बारला ध्रुवसंशोधक अमुंडसेन यांचे नाव दिलेले आहे. ते स्वस्त नाही. पण लिफ्ट आहे, सकाळची भरपेट न्याहारी आहे आणि स्थानक रस्त्याच्या पलीकडे आहे.

दर्यावर्दी :

पागोळीताईंनी कुष्ठरोगाविषयी इतके चांगले लिहिले आहे की त्यात भर घालण्यासारखे माझ्याकडे काही नाही. मी जहाजावर असताना बर्गनला अनेकदा उतरलो आहे, त्यामुळे बंदराविषयी लिहितो.

ब्रुग्गेन पाहताना समोरून छायाचित्र काढून परतू नये. रंगीत त्रिकोणी माथ्यांची ती रांग म्हणजे केवळ दर्शनी भाग आहे. दोन घरांमधील बोळात शिरलात की पायाखाली फळ्या, डोक्यावर पुढे आलेले लाकडी सज्जे आणि नाकात डांबराचा व ओल्या लाकडाचा वास, असे सगळे एकदम बदलते. साधारण १३६० पासून १७५४ पर्यंत इथे हॅन्झा संघाच्या, म्हणजे उत्तर युरोपातील व्यापारी शहरांच्या संघटनेच्या, जर्मन व्यापाऱ्यांची वखार होती. उत्तरेकडून, लोफोटेन बेटांकडून, वाऱ्यावर सुकवलेला कॉड मासा यायचा आणि ल्युबेकहून धान्य यायचे. हॅम्बुर्गला राहणाऱ्या मुलीला हॅन्झा म्हणजे काय ते मी सांगायला नको. तुमच्या शहराच्या गाड्यांच्या पाट्यांवर आजही तो ‘एच’ मिरवतो. वखारीतील माणसांना लग्न करून संसार थाटण्याची मुभा नव्हती. लाकडी घरांमध्ये आग पेटवण्यास बंदी होती, त्यामुळे हिवाळ्यात ऊब आणि गरम अन्न मिळे ते मागच्या बाजूच्या सभागृहांत, ज्यांना शॉटस्टुएना म्हणतात. ती सभागृहे आत जाऊन पाहता येतात. हॅन्झा संग्रहालयाची मुख्य इमारत मात्र मोठ्या दुरुस्तीसाठी २०१८ मध्ये बंद झाली, तेव्हा निघण्यापूर्वी त्यांचे संकेतस्थळ अवश्य पाहावे.

एवढी काळजी घेऊनही १७०२ मध्ये सगळे जळाले, आणि पुन्हा जुन्याच आराखड्यावर बांधले गेले. १९५५ मध्ये उत्तरेकडचा भाग पुन्हा जळाला. त्या राखेखाली उत्खनन झाले तेव्हा मध्ययुगीन धक्के, जहाजांचे भाग आणि रून ही उत्तर युरोपातील जुनी लिपी कोरलेल्या सहाशेहून अधिक काड्या सापडल्या. तोवर ही लिपी मुख्यत्वे स्मारकशिलांवर आणि चर्चच्या भिंतींवरच वाचायची सवय होती; इथे ती मालाच्या चिठ्ठ्यांवर आणि निरोपांवर निघाली. एका काडीवर घरच्या बाईचा निरोप आहे, ‘गीडा म्हणते, तू घरी ये.’ नवरा बहुधा दारूच्या गुत्त्यात बसला असावा असा अभ्यासकांचा तर्क आहे आणि खलाशी या नात्याने तो मला मान्य आहे. हे सर्व ब्रुग्गेनच्या टोकाला, त्याच उत्खननाच्या जागेवर १९७६ मध्ये उघडलेल्या संग्रहालयात आहे. त्याच्या शेजारचे मारिया चर्च बाराव्या शतकातील असून ती शहरातील सर्वांत जुनी उभी वास्तू होय.

पुढे किल्ल्यात हॉकॉन राजाचा दगडी दरबार महाल आहे, तो १२६१ मध्ये त्याच्या मुलाच्या लग्नासाठी सिद्ध झाला. शेजारी सोळाव्या शतकातील रोझेनक्रान्ट्झ बुरूज आहे, पण त्याचे जिने अरुंद आहेत, आईंना खाली बाकावर बसवावे. २० एप्रिल १९४४ रोजी, जर्मन ताबा असताना, दारूगोळा भरलेले एक डच जहाज या बंदरात उडाले. महालाचे छप्पर गेले आणि जहाजाचा नांगर थेट डोंगरावर जाऊन पडला.

आपल्या इतिहासाशी धागा जुळणारी एक खूण सांगून थांबतो. शहरातील कॅथीड्रलच्या भिंतीत एक तोफगोळा अजून रुतलेला आहे. १६६५ मध्ये, म्हणजे इकडे पुरंदरचा तह झाला त्याच वर्षी, पूर्वेकडून मसाले आणि कापड घेऊन परतणारी डच कंपनीची जहाजे इंग्रजांच्या भीतीने या बंदरात लपली होती आणि इंग्रज आरमाराने त्यांच्यावर हल्ला केला. किल्ल्यावरील तोफांनी इंग्रजांना परतवले. तो गोळा भिंतीत वर आहे, मान उंच करून शोधावा लागतो.

सुका बोंबील :

माझे सदस्यनाम पाहता सुकवलेल्या कॉडविषयी बोलण्याचा अधिकार मला आहे असे मी समजतो. आपल्याकडे बोंबील दोऱ्यांवर सुकतात, तिकडे कॉड लाकडी मांडवांवर टांगून सुकवतात. मीठ नाही, फक्त थंडी आणि वारा. तो इतका कडक होतो की त्याला कुटावे लागते. शहराचा सारा डौल या काटकुळ्या माशावर उभा राहिला, हे लक्षात ठेवून ब्रुग्गेन पाहिले तर जास्त मजा येते. मासळी बाजारात मात्र जेवू नये. पर्यटकांचे दर आहेत. नुसते पाहावे, मासळीचे सूप आतल्या गल्लीत प्यावे.

राहण्याबाबत पागोळी यांच्याशी शंभर टक्के सहमत आहे आणि ते ठेचा खाऊन आलेले शहाणपण आहे. दोन वर्षांपूर्वी आम्ही नोर्डनेसच्या बाजूला एका जुन्या लाकडी घरातील जागा घेतली होती. छायाचित्रे सुरेख होती. प्रत्यक्षात किल्ली भिंतीवरच्या आकड्यांच्या पेटीत, मालक गावात नाही, पेटीचा आकडा चुकीचा, बाहेर तिरका पाऊस आणि आत गेल्यावर तीन मजले जहाजाच्या शिडीसारखा उभा जिना. माझ्या सासूबाई पहिल्या रात्री वर गेल्या त्या दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत खाली उतरल्याच नाहीत. तो भाग फिरायला अतिशय देखणा आहे. दुपारी दोन तास जावे आणि परत यावे. जागा ठरवताना ‘लिफ्ट आहे का’ एवढेच विचारू नये, ‘रस्त्यापासून लिफ्टपर्यंत किती पायऱ्या आहेत’ असे लेखी विचारावे.

वर्धेची लेक :

तुम्हा सर्वांचे मनापासून आभार. ऑक्टोबर रद्द केला आहे. आता मेचा शेवटचा आठवडा किंवा जून यांपैकी काय निवडावे? आईला घरचा वरणभात लागतो, त्यामुळे स्वयंपाकघर असलेली जागा बरी पडेल का? आणि बाबांना संगीताची आवड आहे म्हणून मी नॉर्वेचे संगीतकार ग्रीग यांचे घरही यादीत धरले होते.

पागोळी :

मेमध्ये दोन अडचणी आहेत. १७ मे हा नॉर्वेचा राष्ट्रीय दिन, त्याच्या आगेमागे खोल्या मिळत नाहीत. आणि मेच्या अखेरीपासून जूनच्या पूर्वार्धापर्यंत शहरात मोठा संगीत-नाट्य महोत्सव असतो. जूनचा तिसरा आठवडा धरा. रात्री अकरालाही बाहेर संधिप्रकाश असतो, तेव्हा आईंना झोपेसाठी डोळ्यांवरची पट्टी न्या.

स्वयंपाकघराचे उत्तर ‘होय’ असेच आहे, कारण बाहेर तिघांचे रोज दोन वेळचे जेवण म्हणजे हॉटेलच्या भाड्याइतकाच खर्च. स्थानकाच्या परिसरात छोट्या स्वयंपाकघराच्या खोल्या देणारी ठिकाणे आहेत. चार रात्रींपैकी पहिली रात्र हॉटेलात आणि पुढच्या तीन अशा जागेत, असे करू नका. सामान हलवण्यात एक सकाळ वाया जाते. मसूर आणि तांदूळ कोणत्याही दुकानात मिळतात, फोडणीचे डबे मात्र बरोबर असावेत.

ग्रीग यांचे घर, ट्रोल्डहाउगेन, १८८५ मध्ये बांधलेले आहे आणि तळ्याकाठी त्यांची संगीतरचनेची एकखोली झोपडी फार हृद्य आहे. पण ट्रामच्या हॉप थांब्यावरून वीसपंचवीस मिनिटे चालावे लागते.

दर्यावर्दी :

इथे माझे मत थोडे वेगळे आहे. वडिलांना आवड असेल तर टॅक्सी करून जावेच. वगळायचे असेल तर फान्टोफ्टचे लाकडी चर्च वगळावे. मूळ चर्च १९९२ मध्ये जाळण्यात आले आणि आज आहे ती त्याची प्रतिकृती आहे. डोंगरावरची गाडी, फ्लोयबानेन, हिच्याबद्दल आईंना निश्चिंत राहायला सांगा. ती १९१८ पासून चालू आहे, बाजारापासून दोन मिनिटांवर चढायचे आणि समुद्रसपाटीपासून सुमारे ३२० मीटरवर उतरायचे, वर सपाट सज्जा आहे. सकाळी लवकर जावे, क्रूझ जहाजे लागली की रांग रस्त्यावर येते.

वर्धेची लेक :

जुलै उजाडला. धागा वर काढते आहे, कारण आम्ही जाऊन आलो आणि तुम्हाला सांगणे बाकी होते.

स्थानकाजवळ, चहाची किटली आणि दोन शेगड्या असलेली खोली घेतली. रस्त्यापासून लिफ्टपर्यंत एक पायरी होती. मी लेखी विचारले होते आणि त्यांनी तेवढेच कळवले होते. चारपैकी तीन दिवस पाऊस होता. आईने पहिल्याच दिवशी जाहीर केले की हा पाऊस वर्ध्याच्या पावसासारखा अंगावर येत नाही, नुसता सोबत चालतो.

ब्रुग्गेनचे बोळ आईलाही जमले, फळ्या ओल्या असल्यामुळे तिचा हात धरावा लागला एवढेच. कॅथीड्रलमधला, म्हणजे भिंतीतला, तोफगोळा तिनेच आधी पाहिला. गीडाच्या काडीसमोर ती बराच वेळ हसत होती.

सेंट यॉर्गेनला आम्ही एक तास धरला होता, तिथे साडेतीन तास गेले. आत शिरताना बाबा सवयीने चपला काढायला वाकले आणि मग बाहेर ठेवू नयेत असे लक्षात येऊन त्यांनी त्या पुन्हा घातल्या. मधल्या दालनात पायांखाली फळ्या करकरतात. बाबा एका खोलीच्या दारात उभे राहिले, दोन्ही हात पसरले आणि बोटे दोन्ही भिंतींना जवळजवळ टेकली. मग त्यांनी विचारले, ‘इथे दोघे?’ मी मान हलवली.

एकोणिसाव्या शतकात काढलेली रुग्णांची रंगीत चित्रे तिथे आहेत. त्या काळच्या वैद्यकीय ग्रंथासाठी चित्रकाराने ती समोर बसवून रेखाटली होती. मला ती पाहवत नव्हती. बाबा मात्र चष्मा कपाळावर सरकवून एकेका चित्राजवळ गेले आणि हळू आवाजात, जणू शेजारी नवीन भरती झालेला मुलगा उभा आहे अशा थाटात, सांगू लागले. ‘भुवया बघ, बाहेरून विरळ झाल्यात. कानाच्या पाळ्या जाडावल्यात. ही बहुजिवाणूची केस, हिला बारा महिने गोळ्या. हा बघ, करंगळी आणि शेजारचं बोट वाकलंय, कोपरापाशी नस सुजली असणार.’ एका तरुण मुलीच्या चित्रासमोर ते थांबले आणि म्हणाले की हिला वेळेत गोळ्या मिळाल्या असत्या तर हातापायात काहीच राहिले नसते, लग्नही झाले असते. त्यांच्या तालुक्यातल्या अशा तीन मुलींची लग्ने त्यांनी स्वतः उभे राहून लावली होती, ही गोष्ट मला त्या दिवशी पहिल्यांदा कळली.

हॅन्सन यांच्या खटल्याविषयी मी सांगितले तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर पुतळ्याकडे जायचे का असे विचारले, तर म्हणाले, ‘राहू दे, पाऊस आहे.’ पाऊस तेव्हा थांबलेला होता.

सुका बोंबील :

फार छान लिहिलेत. पुढच्या महिन्यात माझे मेहुणे जाणार आहेत, त्यांचे आई-वडीलही बरोबर आहेत. सेंट यॉर्गेनमध्ये बसायला जागा आहे का, आणि वरच्या सज्जावर आईंना जाता आले का?

वर्धेची लेक :

वर जाण्याचा जिना लाकडी आणि उभा आहे, आई वर गेली नाही. खालच्या मजल्यावरच पाहण्यासारखे बहुतेक सगळे आहे. ती चर्चमधल्या बाकावर बसून होती. तिथे थंडी असते, तेव्हा जूनमध्येही शाल बरोबर द्यावी.